ट्रॉल्या कुठून करून घ्यायच्या?

रीसेलचा फ्लॅट घेतला की पहिला मोठा खर्च स्वयंपाकघराचा निघतो. रंग पुढे ढकलता येतो, पडद्यांवाचून सहा महिने काढता येतात. पण ओट्याखालच्या गंजलेल्या जाळ्या आणि बिजागरीतून निसटलेली दारं बघून पहिल्याच आठवड्यात विषय निघतो : ट्रॉल्या कुठून करून घ्यायच्या? शोरूममधून, ओळखीच्या सुताराकडून, की कोपऱ्यावरच्या ट्रॉलीवाल्याकडून? पैसे मोजके असले की यावरून घरात दोन तट पडतात. हा संवाद मी त्या दोन तटांच्या तोंडी घातला आहे. भाची आयटीत नोकरी करते. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं पुण्यात कोथरूडच्या बाजूला जुन्या इमारतीत छोटा फ्लॅट घेतलाय, आणि स्वयंपाकघरासाठी दीड लाख बाजूला काढलेत. मावशी सहकारी बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झाली आहे. दुसऱ्यांची कोटेशनं तपासण्यात तिची नोकरी गेली. महिना श्रावणाचा आहे आणि दिवाळीच्या आत राहायला जायचंय.

भाची : माझं जवळजवळ ठरलंय. कंपनीकडूनच करून घेते. त्यांचा माणूस येऊन माप घेऊन गेला, कॉम्प्युटरवर अख्खं किचन उभं करून दाखवलं. पंचेचाळीस दिवसांत बसवून देतात, दहा वर्षांची वॉरंटी. एकदा सही केली की मी मोकळी.

मावशी : सही केली की तू मोकळी नाही होत, ते मोकळे होतात. पैसे कसे घेतायत ते सांग आधी.

भाची : दहा टक्के बुकिंगला, पन्नास डिझाइन पक्कं झाल्यावर, उरलेले माल निघायच्या आधी.

मावशी : म्हणजे बसवायला माणूस दारात येईल तेव्हा तुझ्या हातात एक रुपया नसेल. दार वाकडं बसलं, एक पॅनल चरा पडलेलं आलं, तर तू काय करणार? फोन. आणि फोनवर दर वेळी नवा माणूस. आमच्या शेजारणीचं हेच झालं. सिंकखालचं एक शटर चुकीच्या मापाचं आलं ते बदलून मिळायला पावसाळा संपला. सुताराला आपण कामागणिक पैसे देतो. शेवटचा हप्ता सगळी दारं उघडून-मिटून बघितल्यावर.

भाची : आणि सुतार मधेच गावाला गेला तर? आमच्या आधीच्या भाड्याच्या घरात मालकांनी कपाट करून घेतलं तेव्हा अर्धवट फ्रेम सोडून तो लग्नाला गेला, महिन्यानं उगवला. मावशी, मी अठरा हजार भाडं भरते आणि घराचा हप्ताही भरते. एक महिना उशीर म्हणजे अठरा हजार गेले. तू सुताराकडे वीस हजार वाचतात म्हणतेस, ते असे जातात. शिवाय तो काम करत असताना घरात कुणीतरी थांबायला हवं. माझी रजा फुकट नाही येत.

भाड्याचा हा हिशोब मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण स्वस्त-महागाच्या चर्चेत तो कुणी मांडतच नाही. निवृत्त माणसाला सुताराजवळ बसून चहा पाजत काम करून घेता येतं. दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरात तो वेळ विकत घ्यावा लागतो. भाचीची बाजू इथे भक्कम आहे, आणि मावशीनंही ती उडवून लावली नाही.

मावशी : भाड्याचं तुझं बरोबर आहे. मग आपण दिवस आणि दर दोन्ही धरून बघू. पण त्याआधी ते तुकडे दाखव, तुला शोरूमनं दिलेले.

भाची : दोन होते. एक तू काल ठेवून घेतलास.

मावशी : तो हा बघ. काल रात्री पाण्याच्या ग्लासात उभा करून ठेवला होता.

तुकडा आगपेटीएवढा होता. वरचा पांढरा पापुद्रा शाबूत होता, पण पाण्यात बुडालेला खालचा भाग वरच्यापेक्षा स्पष्ट जाड झाला होता आणि कापलेल्या कडेला भुसा सुटा झाला होता. भाचीनं नखानं खरवडला तर ओल्या भाकरीसारखा निघाला. तो पार्टिकल बोर्ड होता : लाकडाचा चुरा रेझिनमध्ये दाबून केलेला पाट, वर मेलामाइनचा थर. कंपन्यांच्या कमी किमतीच्या पॅकेजमध्ये सांगाडा बहुधा याचाच असतो.

भाची : पण ही परीक्षा बरोबर नाही. तू कापलेली, उघडी कड पाण्यात बुडवलीस. कारखान्यात चारही कडांना मशीननं पट्टी मारतात, गरम गोंदानं. तिथून पाणी शिरत नाही. सुतार तीच पट्टी हातानं चिकटवतो आणि दोन वर्षांत ती गॅसच्या वाफेनं सुटते. शिवाय सगळं जग पार्टिकल बोर्डच वापरतं. तुर्भ्याला आयकियाचं दुकान २०२० च्या डिसेंबरात सुरू झालं, तेव्हापासून इथून लोक गाड्या करून जातात. त्यांच्या मेटोड किचनचे सांगाडेसुद्धा पार्टिकल बोर्डचेच असतात. युरोपात तीच किचन वर्षानुवर्षं टिकतात.

मावशी : युरोपात स्वयंपाकघराची फरशी बादलीभर पाणी ओतून धुतात का? आपल्याकडे धुतात. आणि पट्टी चारही कडांना मारली हे खरं, पण बिजागरीसाठी पस्तीस मिलिमीटरचं भोक पाडलं, सिंकच्या पाइपासाठी मागं भगदाड पाडलं, त्या कडांना पट्टी कोण मारतो? पाणी तिथून शिरतं. आणि एकदा स्क्रूचं भोक ढिलं झालं की पार्टिकल बोर्डात तोच स्क्रू परत घट्ट बसत नाही. प्लायमध्ये काडी ठोकून, गोंद घालून पुन्हा बसवता येतो.

भाची : म्हणजे पार्टिकल बोर्ड टाकाऊच?

मावशी : असं मी कुठं म्हटलं? वरच्या कपाटांना बिनधास्त वापर. तिथं ना सिंक, ना फरशीचं पाणी. फक्त गॅसच्या अगदी वर येणारं कपाट सोड, वाफ सगळी त्यालाच लागते. स्वयंपाकघरात पाणी कुठं कुठं येतं ते आधी बघायचं, आणि पैसा तिथं ओतायचा. बाकी ठिकाणी हात राखायचा. कंपनीचं पॅकेज याच्या उलट असतं. सगळीकडे एकच बोर्ड. वरून अ‍ॅक्रिलिकची चकाकी, आणि सिंकखाली तोच भुसा.

हा संवाद लिहायला घेतला तो या मुद्द्यासाठी. कमी बजेटमधल्या स्वयंपाकघराचं कोडं दुकानाच्या नावानं सुटत नाही. एकाच स्वयंपाकघरात तीन वेगवेगळ्या प्रकारची जागा असते : सिंकखालची ओली, ओट्याखालची दमट आणि डोक्यावरची कोरडी. तिन्हींना एकच माल लावणं म्हणजे एकतर वर पैसे वाया घालवणं, नाहीतर खाली काम खराब करून घेणं. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा की तीन जागांना तीन माल लावून देणार का, आणि तसं कोटेशनवर लिहून देणार का. जो हो म्हणेल तो, मग त्याची पाटी कुठलीही असो, पुढं बोलण्याच्या लायकीचा.

भाची : ठीक. खाली काय लावायचं मग? सगळेच ‘वॉटरप्रूफ’ म्हणतात. कंपनीवाला म्हणतो, सुतार म्हणतो, प्लायवाला म्हणतो.

मावशी : वॉटरप्रूफ या शब्दावर जाऊ नकोस, आकड्यावर जा. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, बाजारात बीडब्ल्यूपी म्हणतात. मानकाप्रमाणे त्याचा तुकडा बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि थर सुटता कामा नयेत. आयएस ३०३ मध्ये दोन प्रती येतात. बीडब्ल्यूआर, त्याला आठ तास उकळतात. आणि एमआर, म्हणजे साधी, तिला फक्त साठ अंश पाण्यात तीन तास. एमआर दिवाणखान्याला, कपाटाला चालते. ओट्याखाली नाही. गंमत अशी की दुकानदार तिन्हींना तोंडानं वॉटरप्रूफच म्हणतो.

भाची : पण शिक्का खरा कशावरून? छापायला काय लागतं?

मावशी : शिक्क्याखाली सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर म्हणून सरकारी अ‍ॅप आहे, त्यात तो टाकला की कुठल्या कारखान्याला, कुठल्या मानकासाठी परवाना दिलाय आणि तो चालू आहे का, हे दिसतं. भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाशील तेव्हा दुकानातच उभी राहून बघ. आणि एक पट्टी मागून आण. जुन्या पातेल्यात चार-पाच तास उकळ. हलकी प्लाय तेवढ्यातच कडेला पुस्तकासारखी उघडते, मधल्या थरांतल्या पोकळ्या दिसतात. चांगली असेल तर फक्त रंग काळवंडतो.

भाची : हे कंपनीच्या मालाचंही करता येईल की. त्यांच्याकडेही बीडब्ल्यूपीचा पर्याय आहे, फक्त दर चढतो.

मावशी : मग कर. मी कंपनीच्या विरुद्ध नाही, न बघता सही करण्याच्या विरुद्ध आहे.

भाची : बरं, आता दराकडे येऊ. तू म्हणतेस तो सुतार चौरस फुटाला चौदाशे म्हणाला. नऱ्ह्याच्या बाजूच्या एका छोट्या वर्कशॉपवाल्यानं सतराशे सांगितले. माल दोघांचाही बीडब्ल्यूपी. तुझा सुतार स्वस्त वाटतो ना? आता बघ. आपला ओटा एल आकाराचा. एक भिंत नऊ फूट, दुसरी सहा. सुतारानं दोन्ही भिंती बेरीज करून पंधरा फूट धरले. कोपऱ्यातला दोन बाय दोनचा चौकोन दोन्हीकडं मोजला गेला. उंची त्यानं जमिनीपासून ओट्याच्या वरच्या कडेपर्यंत तीन फूट धरली. म्हणजे ग्रॅनाइटची जाडी आणि खालचं स्कर्टिंगही त्याच्या चौरस फुटात. पंधरा त्रिक पंचेचाळीस. चौदाशेनं त्रेसष्ट हजार. वर्कशॉपवाल्यानं कोपरा एकदाच धरला, तेरा फूट. उंची अडीच. साडेबत्तीस चौरस फूट. सतराशेनं पंचावन्न हजार दोनशे पन्नास. जास्त दर, कमी पैसे!

मावशी : हे छान काढलंस. आता त्यावर अठरा टक्के जीएसटी घाल.

भाची : (मोबाइलवर हिशोब करत) पासष्ट हजार एकशे पंच्याण्णव.

मावशी : म्हणजे सुतारापेक्षा दोन हजार एकशे पंच्याण्णव जास्त. सुतार जीएसटी लावत नाही, आणि छोट्या उलाढालीवर त्याला नोंदणी सक्तीची नाही, तेव्हा त्यात काही वावगं नाही. पण आता मीच तुला सांगते, त्या दोन हजारांत तुला पक्कं बिल मिळतंय. मी सुताराची बाजू घेते खरी, पण बिल न देणाऱ्याची घेणार नाही. साध्या कागदावर का होईना, प्लायची प्रत, जाडी, बिजागरीचं नाव, सगळं लिहून सही हवी. सुतार लिहून द्यायला तयार असेल तर तो, नसेल तर वर्कशॉपवाला.

भाची : बिलाचा उपयोग होतो? कोण जातंय कोर्टात?

मावशी : कोर्ट कशाला? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तू जिथं राहतेस तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्य कार्यालय बेंगळुरूला असलं तरी तुला बेंगळुरूला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. दोन वर्षांच्या आत जायचं. आणि त्याच्याही आधी १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर आहे. पण हे सगळं कागद असला तर. वॉरंटीचा कागदही नीट वाच. पाण्यानं फुगणं आणि वाळवी या दोन गोष्टी अटींमध्ये बहुधा वगळलेल्या असतात, आणि आपल्याकडे स्वयंपाकघर खराब होतं ते याच दोन गोष्टींनी.

इथवर बोलणं आलं तेव्हा दोघींचीही मूळची जागा थोडी सरकली होती. पण मावशीच्या मनातला खरा पर्याय अजून बाहेर यायचा होता.

मावशी : आता मी तुला वेगळंच विचारते. आहे तो ओटा तोडायचाच का?

भाची : तोडायलाच हवा ना. कंपनीवाला म्हणाला, खाली कडप्प्याचे खण आहेत, त्यात त्यांचे कॅबिनेट बसत नाहीत.

मावशी : नाहीच बसणार. त्यांची मापं ठरलेली, तीनशे, साडेचारशे, सहाशे मिलिमीटर. आणि आपल्या जुन्या ओट्याखाली गवंड्यानं कडप्पे उभे केले ते डोळ्यांच्या अंदाजानं. एक खण साडेसतरा इंच, दुसरा एकोणीस, आणि तिसरा वर एकोणीस अन् खाली साडेअठरा. म्हणून कंपनी सांगते, तोडा. तोडलं की राडारोडा उचलायचे पैसे, नवा ग्रॅनाइट, नळाची नवी जोडणी, टाइल फुटली तर तीही. कोटेशनमध्ये यातलं काहीच नसतं. तुझे दीड लाख इथंच संपायला लागतात. आणि तोडायचा काय, तर कडप्पा! पाण्यानं फुगत नाही, वाळवी लागत नाही, स्क्रू ढिले होत नाहीत. बीडब्ल्यूपी प्लाय जे काम करण्यासाठी घेतेस ते काम तो फुकट करतोय.

भाची : मग त्यात काय करायचं?

मावशी : ट्रॉलीवाला आणायचा. तो एकेक खणाचं माप घेतो, वर-मधे-खाली तीन ठिकाणी, आणि सगळ्यांत कमी असेल ते धरून प्रत्येक खणाची वेगळी जाळी वाकवून, वेल्ड करून आणतो. थाळीची वेगळी, कपबशांची वेगळी, खाली साधी खोल, डब्यांसाठी. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, निम्मा महाराष्ट्र असंच किचन करतो. शोरूममधे त्याला कुणी नाव देत नाही, एवढंच.

भाची : पण त्या ट्रॉल्या गंजतात. आईच्या घरी गंजल्यात.

मावशी : कारण ते स्टील ३०४ नव्हतं. २०२ होतं, किंवा लोखंडावर मुलामा.

भाची : मॅग्नेट लावून बघू.

मावशी : मॅग्नेटवर अर्धंच कळतं. लोखंड असेल तर चिकटेल. पण २०२ लाही चुंबक बहुधा चिकटत नाही, ३०४ लाही नाही, आणि विकणारे नेमका त्याचाच फायदा घेतात. चुंबक लावून दाखवतात आणि ३०४ च्या भावानं २०२ देतात. स्टीलच्या दुकानदाराकडं तपासायचं द्रावण असतं, थेंब टाकला की २०२ वर रंग लालसर होतो. ट्रॉलीवाल्याला सांगायचं, माझ्यासमोर एका तारेवर थेंब टाक. जो टाकेल त्याच्याकडून घे. आणि बिलावर ३०४ लिहून घे.

चुंबकाची ही गोष्ट इतक्या घरांत खात्रीनं सांगितली जाते की ती इथे मुद्दाम ठेवली. ३०४ मध्ये निकेल जास्त असतं आणि त्यामुळे ते महाग पडतं. २०२ मध्ये निकेलचा बराचसा भाग मँगनीज घेतं, म्हणून ते स्वस्त पडतं, आणि मिठाच्या, चिंचेच्या, ओल्या भांड्यांच्या संगतीत लवकर डागतं. दिसायला दोन्ही सारखीच चकचकीत. ओल्या थाळ्या रोज जिथे उभ्या राहणार त्या जाळीवर पैसे वाचवू नयेत.

भाची : मावशी, तुझं पटतंय, पण एक सांगू? मला ते डोळ्यांना एकसंध हवंय. मॉड्युलर किचन म्हणजे श्रीमंती थाट असं तुमच्या पिढीला वाटतं. मुळात ते गरिबांच्या घरासाठी निघालं. १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या नगरपालिकेनं कामगारांसाठी घरं बांधली, तेव्हा मार्गारेट श्यूटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईनं त्यांच्यासाठी किचन आखलं. एक मीटर नव्वद बाय तीन मीटर चाळीस, आपल्यापेक्षाही अरुंद. बाईची पावलं वाचावीत, हात पुरावा, म्हणून. हजारो घरांत बसवलं. मी दिवसभर नोकरी करून येते, मला पावलं वाचवायचीच आहेत. सुतार दारं लावेल, पण कुठला डबा कुठं, कुकर कुठं, याचा विचार कोण करणार? कंपनीच्या त्या मुलीनं मला अर्धा तास बसवून विचारलं की भाजी कुठं चिरता, कणीक कुठं मळता.

मावशी : हा प्रश्न तिनं विचारला असेल तर ती हुशार आहे. उंची विचारली का?

भाची : ओट्याची? नाही. चौतीस इंच ठरलेलीच आहे म्हणाली.

मावशी : तू पाच फूट. चौतीस इंचांच्या ओट्यावर तुला कणीक मळताना खांदे उचलावे लागतील. उभं राहून कोपर वाकव, तिथून चार ते सहा इंच खाली ओटा यायला हवा. आता आहे तो बत्तीस इंच आहे. तुला नेमका.

भाची : (उभी राहून, कोपर वाकवून) खरंच की.

मावशी : विचार करणाऱ्या माणसाचे पैसे द्यायला माझी ना नाही. एखादा छोटा इंटिरियर करणारा फक्त आराखड्याचे पैसे घेऊन कागद काढून देतो. तो कागद घेऊन हव्या त्या माणसाकडे जा. पण आराखडा फुकट आणि त्याच्या बदल्यात सगळं किचन आमच्याकडूनच, हा सौदा महाग पडतो.

भाची : मग असं करते. खाली कडप्पा ठेवते. ट्रॉल्या ३०४ च्या. त्यांना दारं बीडब्ल्यूपीची, पण ती सुताराकडून नाही, वर्कशॉपमधून मशीननं पट्टी मारलेली. रंग सगळ्यांचा एक. वरची कपाटं प्रीलॅम, म्हणजे मेलामाइनचा थर दिलेल्या पार्टिकल बोर्डची, तीही त्याच वर्कशॉपमधून. गॅसवरचं तेवढं प्लायचं. सिंकखाली?

मावशी : सिंकखाली लाकूडच नको. आतून कडप्पा उघडाच ठेव, पाइप दिसला पाहिजे. बाहेर अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीचं दार लाव.

भाची : पीव्हीसीचं चालेल? स्वस्त आहे.

मावशी : सिंकखाली चालेल. गॅसजवळ नको, उष्णतेनं वाकतं. आणि सिलेंडरच्या खणाचं विसरू नकोस. तुमच्याकडं पाइपचा गॅस यायचाय. तोवर सिलेंडर खणात असेल तर दाराला अगदी खाली जाळी हवी. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला तर जमिनीलगत साचतो. बंद दाराच्या आत तो साचू द्यायचा नाही. शोरूमच्या चित्रात ही जाळी कधीच दिसत नाही, कारण ती दिसायला वाईट दिसते.

भाची : बिजागऱ्या?

मावशी : त्या तू स्वतः आण. हेटिक, हेफेले, एबको, कुठलीही घे, पण अधिकृत दुकानातून आणि बिलावर. दांडीवर नाव कोरलेलं असतं. नुसता स्टिकर असेल तर परत ठेव. दार रोज दहादा उघडतं, म्हणजे वर्षाला साडेतीन हजार वेळा. तिथं शंभर रुपये वाचवून काय उपयोग? चॅनेललाही तेच. वजनाचा आकडा बघ, दहा किलो पिठाचा डबा आणि कुकर एका ट्रॉलीत येणार.

भाची : म्हणजे तीन ठिकाणचा माल, आणि बसवणारा चौथा. काही बिघडलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवणार. हीच भीती मला आहे. कंपनीत निदान एकच नंबर असतो.

मावशीकडं याचं उत्तर नव्हतं, आणि तिनं तसं मान्यही केलं. ही भीती रास्त आहे. वेगवेगळ्या ठिकाणांहून माल घेतला की पैसे वाचतात, पण जुळवून घेण्याची जबाबदारी आपल्या अंगावर येते. जे लोक परगावी असतात, ज्यांच्या घरी कुणीच थांबू शकत नाही, ज्यांचं घर नवं कोरं आहे आणि ओटाच नाही, त्यांनी कंपनीकडं जावं असं मलाही वाटतं. फक्त ओल्या जागांना बीडब्ल्यूपी लिहून घ्यावी आणि शेवटचा हप्ता बसवून झाल्यावर द्यायचा करार मागावा. न मागता तो मिळत नाही. मागितल्यावर कधी कधी मिळतो. भाचीचं घर जुनं आहे, ओटा धड आहे, उंची तिच्या मापाची आहे. तिच्यासाठी हिशोब वेगळा निघतो.

मावशी : मी काय म्हणते, दारं आणि वरची कपाटं जो करतोय त्या वर्कशॉपवाल्यालाच ट्रॉल्याही बसवायला सांग. ट्रॉल्या त्याच्या ओळखीच्या माणसाकडून येऊ देत, पण बिल एक, जबाबदारी एक. दोन-तीन हजार जास्त मागेल. दे. तुला हवा तो एक नंबर तुला त्यात मिळतो.

भाची : आणि तुझा सुतार? तुला त्याला काम द्यायचं होतं.

मावशी : द्यायचं होतं. चांगला माणूस आहे, हातात कला आहे. पण पट्टी हातानं मारणार आणि घरात महिनाभर भुसा, हे तुझ्या घराला नाही जमायचं. त्याला देवघर करायला सांग. ते मशीनचं काम नाही.

भाची : देवघराचं बजेटच नाहीये मावशी.

मावशी : ते माझ्याकडून. आता बोल, वर्कशॉपवाला कधी रिकामा आहे?

भाची : गणपती झाल्यावर लगेच, म्हणाला. पितृपक्षात कुणी नवी ऑर्डर देत नाही, तेव्हा त्याच्याकडं काम कमी असतं. दरही थोडा तुटेल. पण सासूबाईंना पितृपक्षात सुरुवात केलेली चालणार नाही.

मावशी : माप घ्यायला काय हरकत आहे? पितृपक्षात त्याला बोलव, प्रत्येक खण तीन ठिकाणी मोजू दे, भाव ठरव, कोटेशन लिहून घे, प्लायचा तुकडा आणून उकळ. आगाऊ रक्कम घटस्थापनेला दे. तिथून दिवाळीपर्यंत चार आठवडे मिळतात, त्याला तीनच लागतील.

भाची : आणि नाहीच झालं दिवाळीपर्यंत?

मावशी : उशिराची अट कोटेशनवर घाल. एका आठवड्याला एवढे कमी, असा आकडा टाकून. भाड्याचा हिशोब तूच केलायस, आकडाही तूच काढ.